काचेखालचा साग

वऱ्हाडातल्या जुन्या कवेलूच्या घरांत उजेड मोजून मिळायचा. भिंती जाड, खिडक्या लहान आणि चुलीच्या वर एखादं काचेचं कवेलू. सकाळी त्यातून उतरणारी तिरपी पट्टी चुलीच्या धुरात इतकी ठसठशीत दिसे, की हाताने बाजूला सारावी असं वाटे. अकोल्याला माझी आजी त्या पट्टीवरून वेळ सांगायची. अमरावतीच्या घरामागे सपरी वाढवायचं ठरलं, तेव्हा ते एकच कवेलू मला सबंध छपराएवढं हवं होतं.

लाकूड सागाचंच, यात वाद नव्हता. मेळघाटच्या पायथ्याशी परतवाड्याला सागाचा मोठा व्यापार चालतो. आरामशीनवर ताज्या चिरलेल्या सागाचा चामड्यासारखा, किंचित तेलकट वास येतो. तो मला फार आवडतो. मी वाशांसाठी दोन बाय चार सांगितलं. सुतारकाकांनी मान हलवली. "सागाचा वासा मोडत नाही जी ताई, वाकते. अन् काचेले वाकनं चालत नाही."

मला वाटतं, सगळी गोष्ट या वाक्यात आहे. कवेलूचं छप्पर सोशिक असतं. मयाल जरा झुकली, वासे बाकले, तरी कवेलू सरकून जागा करून घेतात आणि मृगाआधी माणूस वर चढून ते फेरतो. काचेला असं दरवर्षी समजावता येत नाही. लाकडी बांधकामाच्या भारतीय मानकात, आयएस 883 मध्ये, हा फरक आकड्यांत उतरला आहे. साध्या वाशाने आपल्या लांबीच्या 240व्या हिश्शापर्यंत झुकावं. वर ठिसूळ आच्छादन असेल तर 360व्या हिश्शापर्यंतच. माझा वासा 3 मीटरचा. त्याला मुभा आठ मिलिमीटरच्या थोडी पुढे.

मग वजनं मांडली. काच एक मिलिमीटर जाडीला दर चौरस मीटरमागे अडीच किलो भरते. दोन थर चिकटवलेली, फुटली तरी डोक्यावर न कोसळणारी 12 मिलिमीटरची काच म्हणजे 30 किलो. डागडुजीला चढणारा माणूस वगैरे धरून आणखी 75. दोन वाशांत 60 सेंटिमीटर. या भाराखाली चार इंच उंचीचा वासा सुमारे 17 मिलिमीटर झुकतो, सहा इंचांचा फक्त पाच. रुंदी तीच, वाढले ते दोन इंच. कारण लाकडाचा ताठपणा उंचीच्या घनाने वाढतो आणि रुंदीच्या निव्वळ पटीने. तीन बाय चार आणि दोन बाय सहा यांत लाकूड सारखंच लागतं, पैसेही जवळपास सारखेच. पण दुसरा सव्वादोन पट ताठ. मोठं झाड न तोडता, नुसतं लाकूड उभं धरून एवढं मिळावं, याचा मला झालेला आनंद अजून ओसरलेला नाही.

रंध्याचा हिशोब मात्र आधीच धरावा लागतो. सहा इंचांतले दहा मिलिमीटर रंध्याखाली गेले, तर ताठपणाचा जवळजवळ पाचवा हिस्सा जातो. शिवाय कायमच्या वजनाखाली लाकूड वर्षानुवर्षं हळूहळू बाकत राहतं. म्हणून मुभेच्या काठावर थांबायचं नाही.

आपल्याकडे बर्फाचं वजन नाही, ऊन आहे. मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात अकोला-अमरावतीवर दुपारी सूर्य थेट माथ्यावर येतो, सावली पायाखाली जाते, आणि ते दिवस वर्षातल्या सगळ्यात तापल्या दिवसांतले. उघड्या काचेखाली तेव्हा माणूस बसूच शकत नाही. म्हणून उन्हाळ्यात काचेवर, थोडी हवा सोडून, तुराट्यांचा मांडव. त्याचंही वजन वाशांवरच, आणि अवकाळी पावसात भिजल्यावरचं धरायचं. वैशाखातली कोरडी हवा आणि श्रावणातली ओल यांत सागही थोडा आकसतो, फुगतो. म्हणून काच लाकडावर पक्की जखडायची नाही. खाली रबराची पट्टी, कडेला मोकळी फट.

सगळं ठरलं. वासे दोन बाय साडेसहा चिरायचे, रंधा मारून सहा. काकांनी कागद पुन्हा उलटसुलट पाहिला. "वजनाचं झालं. अन् वावधानात उडालं तं?"

आम्ही सगळा वेळ खाली दाबणाऱ्या भाराचाच विचार केला होता. मृगाच्या तोंडाला येणारा वारा छपरावरून धावताना त्याला वर ओढतो, आणि उघड्या सपरीत शिरला की खालूनही उचलतो. मग प्रत्येक वाशाच्या दोन्ही टोकांना लोखंडी पट्टी घेतली, आणि तिचे बोल्ट विटांत नाही, भिंतीच्या माथ्यावरच्या काँक्रीटच्या पट्ट्यात.