दोन बिलं, एकच आवृत्ती

दिवाळीच्या तोंडावर, 2025 साली, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादरीच्या कारखान्यातून एकाच व्यापाऱ्याला दोन बिलं गेली. एक ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून, दुसरं गोडाऊनमधल्या. चादर तीच, भाव तोच, नगाला 1,400 रुपये. पण एका बिलात 70 रुपये जीएसटी आणि दुसऱ्यात 168. व्यापाऱ्याने फोनवर काय काय ऐकवलं ते अण्णांनी, म्हणजे मालकांनी, मला गाळून सांगितलं असावं.

22 सप्टेंबरला दर बदलले होते. त्याआधी हजारापुढच्या नगाला 12 टक्के होते. आता 2,500 पर्यंत 5 टक्के. म्हणजे गोडाऊनमध्ये जुना प्रोग्रॅम चालतोय, हे उघड होतं. अडचण एवढीच की दोन्हीकडे 'माहिती' उघडली की 'आवृत्ती 3.2' असंच यायचं. तो आकडा आधीच्या प्रोग्रॅमरने हाताने टाईप केलेला. आणि कराचा दर थेट कोडमध्ये लिहिणाऱ्याबद्दल माझं मत इथे छापण्याजोगं नाही.

प्रोग्रॅम गो भाषेतला निघाला, हे नशीब. मार्च 2022 मध्ये आलेल्या गो 1.18 पासून एक चांगली सोय आहे: प्रोग्रॅम बिल्ड होताना त्या फोल्डरमधल्या गिटची हकीकत फाइलमध्येच नोंदली जाते. कुठल्या कमिटवरून बनवलं, तो कमिट कधीचा, आणि बनवताना कमिट न केलेले बदल पडून होते का. मी दोन्ही फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या आणि 'गो व्हर्जन' ही कमांड 'एम' लावून चालवली.

कमिटचा क्रमांक दोन्हींत तोच, अक्षर न अक्षर. वेळही तीच, ऑगस्टमधली. इथे बरेच जण फसतात: ती वेळ बिल्डची नसते, कमिटची असते, आणि तीही यूटीसीत, आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. फरक फक्त शेवटच्या ओळीत होता. 'व्हीसीएस डॉट मॉडिफाइड' पुढे गोडाऊनच्या फाइलीत 'फॉल्स', ऑफिसच्या फाइलीत 'ट्रू'.

ते 'ट्रू' वाचल्यावर माझी झोपच उडाली. बरोबर बिल काढणारा प्रोग्रॅम ज्या कोडपासून बनला, तो कोड गिटमध्ये नव्हताच. आधीचा प्रोग्रॅमर आता पुण्याला असतो. फोन केला तर म्हणाला, "घाईत दिलं होतं मॅडम, कमिट राहिला." कोड त्याच्या जुन्या लॅपटॉपवर सापडला आणि त्याने त्याच रात्री पाठवला, म्हणून निभावलं.

अण्णांना हे सगळं समजावून सांगावं लागेल असं वाटलं होतं. घरात तेलुगू आणि कारखान्यात सोलापुरी मराठी बोलणारा हा माणूस ऐकून म्हणाला, "म्हणजे चादरीच्या काठावर नाव विणतो तसं की ओ. लेबल कुणीपण उसवून दुसरं शिवतंय. जेकार्डच्या पत्त्यातच नाव असलं की ते कापडाबरोबरच येतंय." याहून नेमकं मला सांगता आलं नसतं. 3.2 हे शिवलेलं लेबल होतं.

पण दर वेळी फाइल पेनड्राइव्हवर आणून बाहेरून तपासायची, हे काही खरं नाही. प्रोग्रॅमने चालता चालता स्वतःच सांगायला हवं. त्यासाठी गोमध्ये 'रीड बिल्ड इन्फो' हे फंक्शन 1.12 पासून आहे. ते मी बिलाच्या छपाईला जोडलं. आता प्रत्येक बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत कमिटची पहिली सात अक्षरं येतात. ही चाल एकट्या गोची नाही. बिलांचा डेटा एसक्यूलाइटमध्ये आहे, आणि 'प्राग्मा कंपाइल ऑप्शन्स' विचारलं की तेही आपण कुठल्या पर्यायांसह बनलो याची यादी देतं. सी मध्ये 'डेट' आणि 'टाइम' हे मॅक्रो जुनेच आहेत, पण मला ते आवडत नाहीत. बिल्डची वेळ आत कोरली की त्याच कोडपासून दोनदा बनवलेल्या फाइली एकसारख्या निघत नाहीत, मग ताडून बघायची सोय जाते.

एक कडक नियमही घातला: 'मॉडिफाइड' खरं असेल तर बिलावर आडवं 'कच्चं' छापायचं. गिटशिवाय नुसत्या झिपमधून बनवलं तर या नोंदी येतच नाहीत, तेव्हाही 'कच्चं'च. अण्णांना हे पटलं नाही. गाडी भरून उभी असताना बिल अडलं तर काय, हा त्यांचा सवाल रास्तच होता. आम्ही बराच वेळ भांडलो, नियम राहिला. गेल्याच आठवड्यात अकाउंटंटचा फोन आला, "मॅडम, बिलावर कच्चं येतंय, गाडी दारात आहे, देऊ का?"

"नका देऊ," म्हटलं, "खालची सात अक्षरं वाचून दाखवा."