गाणं मधेच थांबू नये म्हणून

मैत्रिणींनो, दर तीन आठवड्यांनी आम्ही जळकोटहून सोलापूरला जातो, सासूबाईंच्या केमोसाठी. गाडीत त्यांना ‘गीतरामायण’ लागतंच. गदिमा-बाबूजींचं हे गीतरामायण १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालं, तेव्हा त्या परकरी पोर होत्या. एकदा नळदुर्गच्या पुढे रेंज गेली नि गाणं मधेच थांबलं. कुणी बोलेना. दवाखान्याची भीतीच जणू गाडीत येऊन बसली.

त्याच रात्री घरच्या वायफायवर मी सगळी ५६ गाणी डाउनलोड करून ठेवली. ही सोय बऱ्याच अ‍ॅपांत पैसे भरल्यावरच मिळते, अन् मधूनमधून इंटरनेट लावावं लागतं बरं का! निघण्याआधी इंटरनेट बंद करून एक गाणं वाजवून बघावं.

परवा सासूबाई म्हणाल्या, “अगं, सोलापूर आलंसुद्धा?”