खातं उघडायला सही कुणाची?

आमच्या आईवडिलांच्या पिढीनं गाव सोडलं ते बहुतेक नोकरीसाठी, नाहीतर पोरांच्या शाळेसाठी. कुणी पाटोद्याहून बीडला आलं, कुणी धारूरहून अंबाजोगाईला, कुणी परळीच्या वीज केंद्रात लागलं आणि क्वार्टरमध्ये बिऱ्हाड मांडलं. भाड्याची खोली, दुधाचा रतीब, किराणा दुकानाची उधारी, शाळेतला दाखला एवढं मार्गी लागलं की घरात विषय निघायचा बँकेचा. पगार तर रोखच हाती पडायचा, मग खातं कशाला, असंही काही घरांत म्हटलं जायचं. पण पोरीच्या लग्नाचे पैसे पत्र्याच्या ट्रंकेत ठेवून रात्री झोप लागत नाही, हे त्या पिढीला चांगलं ठाऊक होतं.

पर्याय मोजके होते. सगळ्यांच्या तोंडी असायची ती हैदराबाद बँक. निजामाच्या राज्यात 1941 साली निघालेली ही बँक 1956 नंतर स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली. आमच्या आजोबांना तिचं जुनं रूप आठवायचं, कारण त्यांनी निजामाचा हाली शिक्का आणि इंग्रजांचा कलदार हे दोन्ही पैसे वापरले होते. ढोबळ हिशेबानं सात हाली म्हणजे सहा कलदार, हे गणित त्यांना म्हातारपणीही पाठ होतं. राज्य गेलं, नाणं गेलं, पण बँक टिकली. ज्यांनी आपल्या डोळ्यांनी चलन बदलताना पाहिलं, त्यांच्या लेखी टिकण्याला फार मोल होतं. तिच्या जोडीला जिल्हा बँक, पोस्ट, गावातली नागरी सहकारी बँक आणि 1976 नंतर मराठवाडा ग्रामीण बँक. व्याज सगळीकडे जवळपास सारखंच, म्हणून व्याजावरून कुणी बँक ठरवत नसे.

ठरायचं ते ओळखीवरून. नवीन खात्याच्या फॉर्मवर ओळख देणाऱ्याची सही लागायची आणि तो माणूस त्याच शाखेचा जुना खातेदार असावा लागायचा. परगावाहून आलेल्या माणसानं अशी सही आणायची कुठून? मग घरमालकाला विचारायचं, शाळेतल्या गुरुजींना विचारायचं, नात्यातल्या नात्यात कुणी सापडतो का ते बघायचं. ज्याची सही मिळेल त्याची बँक ती आपली बँक, असा सरळ हिशेब होता. खातं उघडायला म्हणावा असा खर्च नव्हता. थोडी शिल्लक कायम ठेवायची, चेकबुक हवं असेल तर जरा जास्त. चेकबुक आमच्या घरांत सहसा कुणी मागतच नसे. चेक द्यायचा कुणाला? किराणा दुकानदार वहीवर लिहून घ्यायचा आणि पगार झाला की रोख घ्यायचा. खरी किंमत होती ती त्या सहीची. सही देणारा स्वतःची पत आमच्या नावाला जोडत होता आणि ते ओझं आमच्या वडिलांनी जन्मभर जपलं.

शाखेत गेलं की पितळी टोकन मिळायचं. मध्ये आकडा, हजारो हातांनी गुळगुळीत झालेलं. ते मुठीत धरून बाकावर बसायचं. आतमध्ये क्लार्क दोन्ही हातांनी लेजर उघडायचा, पानं मागेपुढे करून खातं शोधायचा, मग नमुन्याची सही काढून स्लिपवरच्या सहीशी ताडून बघायचा. आई पहिल्यांदा खातं उघडायला गेली त्याच्या आधी तिनं आमच्या वहीच्या मागच्या पानांवर सही गिरवली होती. सातवीपर्यंत शिकलेली आई, पण सही करायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. नाव, सासरचं नाव, आडनाव, सगळं पूर्ण लिहायची. काउंटरवर हात थरथरला, वेलांटी वेगळी पडली की साहेब म्हणायचे, ताई, परत करा. ती परत करायची. घरातल्या तिच्या स्वतःच्या नावाची ती पहिली वस्तू होती आणि पासबुक ती साड्यांच्या घडीत ठेवायची.

हे सगळं आठवताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. ज्यांना सही द्यायला कुणी नव्हतं, ती माणसं काउंटरपर्यंत पोचलीच नाहीत. आपल्याच बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसऱ्यानंतर लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. सहा महिने फडावरच्या झोपडीत, कोपीत राहणाऱ्याचं गाव कोणतं आणि शाखा कोणती? त्याची बँक म्हणजे मुकादम. उचल त्याच्याकडून, हिशेबही त्याच्याकडेच. 1969 साली 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, तालुक्यातालुक्यात शाखा आल्या, तरी त्या दारातून आत जायला ओळखीचा माणूस लागतच होता.

ते दार पुढे हळूहळू उघडलं. 2005 साली रिझर्व्ह बँकेनं किमान शिल्लक नसलेली किंवा अगदी थोडी असलेली खाती सुरू करायला सांगितलं, 2012 साली त्यांना मूलभूत बचत खात्याचं रूप दिलं आणि ऑगस्ट 2014 मध्ये जनधन योजना आली. आधार आलं, केवायसी आली, ओळख देणाऱ्याची सही गेली. ज्या बाईला आमच्या आईसारखी सहीची तालीम करायला वेळही मिळाला नसता, तिच्या नावावर आज झिरो बॅलन्सचं खातं आहे. ही फार मोठी गोष्ट आहे आणि ती मनापासून मान्य केली पाहिजे.

हैदराबाद बँक 1 एप्रिल 2017 रोजी स्टेट बँकेत विलीन झाली. त्याच दिवसापासून स्टेट बँकेत किमान शिल्लक नसल्याचा दंडही पुन्हा लागू झाला, तो मार्च 2020 मध्ये काढला गेला. पासबुकावरचं नाव बदलताना आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांनी पहिला प्रश्न विचारला, आता शिल्लक किती ठेवायची? आजही नव्या गावी जाणाऱ्या प्रत्येकानं हाच प्रश्न आधी विचारावा. मूलभूत बचत खातं साधारणपणे कोणत्याही बँकेत मागता येतं, त्यात शिल्लक ठेवायची सक्ती नाही, कार्ड मिळतं आणि महिन्यातून किमान चार वेळा पैसे काढायला फी पडत नाही. मात्र त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही.

दुसरा प्रश्न त्याहून मोठा, ही बँकच आहे ना? गेल्या काही वर्षांत बीड जिल्ह्यात मल्टिस्टेट पतसंस्थांच्या जास्त व्याजाला भुलून कितीतरी घरांची आयुष्यभराची पुंजी अडकली. बँकेतल्या ठेवीला फेब्रुवारी 2020 पासून प्रत्येक ठेवीदारामागे, त्या बँकेतल्या सगळ्या ठेवी मिळून, 5 लाख रुपयांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, नागरी सहकारी बँकेतल्या ठेवीलाही. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. पाटी मोठी, काचेचं ऑफिस, एजंट ओळखीचा, एवढ्यावर पैसे ठेवू नयेत. आमच्या वडिलांच्या पिढीनं ओळखीवर खातं उघडलं खरं, पण पैसे ठेवताना ती संस्था किती वर्षं टिकली आहे हे आधी पाहिलं.

सहीची गरज संपली, सोबतीची संपलेली नाही. शेजारी नवं बिऱ्हाड आलं, कोपीवरून परतलेली बाई कार्ड हातात घेऊन मशीनपुढे थबकली, तर तिच्याबरोबर शाखेत जावं, फॉर्म वाचून दाखवावा, पिन तिलाच टाकू द्यावा. आपल्या घरातल्या पहिल्या पासबुकासाठी कुणीतरी स्वतःचं नाव पणाला लावलं होतं. ते ऋण फेडायचा याहून सोपा मार्ग नाही.