फॅमिली रूमच्या बाहेरचा चहा

सुरुवातीलाच कबूल करते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. 'ऱ्हस्व' हा शब्दसुद्धा मी रूममेटला विचारून लिहिलाय, तेव्हा संपादक मंडळाने चुका पदरात घ्याव्यात. दुसरी कबुली जरा मोठी आहे. वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत मी हॉटेलात एकटीने बसून कधी चहा प्यायले नव्हते. बॉइज हॉस्टेलवाल्यांनो, हसा! तुमचा दिवस टपरीवर उगवतो आणि टपरीवरच मावळतो, तुम्हाला हे नाही कळायचं.

मी आगरची. डहाणूजवळ समुद्राच्या अंगाला आमचं गाव. पप्पा बोईसरला तारापूर एमआयडीसीत नोकरीला. संध्याकाळच्या गाडीने डहाणू रोडला उतरले की सरळ घरी न येता स्टेशनजवळच्या इराण्याच्या हॉटेलात वीस मिनिटं बसायचे. ठरलेलं टेबल, ठरलेले चार मित्र. मम्मीचं रोजचं एकच वाक्य, "घरात काय चहापत्ती संपलीय?" पप्पा नुसते हसायचे. त्यांच्याकडेही उत्तर नव्हतं बहुतेक.

लहानपणी रविवारी मला स्कूटरवर पुढे उभी करून तिथे न्यायचे. संगमरवरी टेबल, बरण्यांमधली बिस्किटं, गल्ल्यावरचे शेठ "आव दिकरी" म्हणणार. मग मी आठवीत गेले आणि एका रविवारी पप्पा म्हणाले, "आपण आत बसू." आत म्हणजे फॅमिली रूम. लाकडी फळ्यांचा आडोसा, दाराला मळका पडदा, वर कुरकुरणारा पंखा. मला आधी वाटलं, चला, प्रमोशन झालं! पण पप्पा मला मावा केक देऊन "दोन मिनिटांत आलो" म्हणत बाहेर मित्रांकडे जायचे आणि मी फळीपलीकडचं ऐकत बसायचे. चिकूचा भाव, लेट झालेली गाडी, वाढवणचं बंदर. बंदर झालं तर माच्छी लोकांनी होड्या कुठे न्यायच्या, असा एक प्रश्न मला तिथे पडला होता. पण विचारणार कुणाला, पडद्याला? पुढच्या वर्षी तेही बंद झालं. "आता मोठी झालीस, मी पार्सल आणतो."

हे सगळं मी विसरले होते. मागच्या सेमिस्टरला एका सेमिनारसाठी रे ओल्डनबर्ग नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाबद्दल वाचलं. १९८९ साली त्याने 'द ग्रेट गुड प्लेस' हे पुस्तक लिहिलं. घर ही पहिली जागा, कामाची जागा दुसरी आणि माणसाला तिसरीही एक लागते. तिथे तुम्ही कुणाचे साहेब नसता आणि कुणाचे बाबाही नसता. कॅफे, सलून, पुस्तकाचं दुकान, काहीही चालेल. खर्च थोडा आणि गप्पा भरपूर, एवढीच अट. वाचताना मला पप्पांची वीस मिनिटं आठवली. मम्मीला जे उत्तर मिळत नव्हतं ते हे होतं तर!

आपल्याकडे ही तिसरी जागा इराण्यांनी दिली, असं मला वाटतं. याझ्द आणि केरमान भागांतून ही झरतुष्ट्री मंडळी आली. आमच्या डहाणूकडे त्यांनी चिकूच्या वाड्या केल्या, मुंबई-पुण्यात हॉटेलं काढली. धोबीतलावचं क्यानी १९०४ चं, डेक्कनवरचं गुडलक १९३५ चं. एका चहावर कुणीही बसावं, जात विचारली जात नसे. खरं तर फॅमिली रूमसुद्धा सोयच होती. बाई हॉटेलात शिरणंच जेव्हा लोकांना खपत नव्हतं, तेव्हा तिला निदान पडद्याआड खुर्ची मिळाली. पण पडदा काढायचा कधी, हे कुणीच ठरवलं नाही.

आता हॉस्टेलकडे या. टपरीवर नुसता चहा मिळत नाही, हे तुम्ही मान्य कराल. व्हायवाला कोणते सर काय विचारतात, कुठल्या सिनिअरच्या कंपनीत इंटर्नशिप आहे, हे सगळं रात्री दहानंतर तिथे ठरतं आणि आम्ही त्याआधीच कुलपात. आम्हाला सकाळी व्हॉट्सॲपवर शिळी बातमी मिळते. मग आम्ही मुली वाढदिवसाचं निमित्त काढून मॉलमधल्या एसी कॉफी शॉपमध्ये जातो. तिथे कुणी वळून बघत नाही, "आत बसा" म्हणत नाही, याबद्दल मी त्या कॉफी शॉपची आभारी आहे. पण दोनशे रुपयांची कॉफी चौघींत तीन तास पुरवताना बर्फाचंसुद्धा पाणी होतं. जिथे बसायला मिळतं ते परवडत नाही आणि परवडतं तिथे बसायला मिळत नाही!

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत विरारहून डहाणू लोकलने घरी निघाले होते. (ही लोकल २०१३ पासूनची. त्याआधी पप्पांची वर्षं शटलवर गेली.) स्टेशनबाहेर आले आणि का कोण जाणे, सॅक घेऊन थेट हॉटेलात शिरले. शेठ आता थकलेत. त्यांनी सवयीने हात आतल्या बाजूला केला. मी म्हटलं, "इथेच बसते." आणि रस्त्याकडच्या टेबलावर बसले. चहा आला. हात थरथरत होता, खोटं कशाला बोलू. दोन-तीन माणसं बघत होती. मी मोबाइल काढला नाही, मुद्दाम.

अर्धा कप झाला आणि दारात पप्पा! गाडीतून उतरून आलेले, हातात डबा. माझ्याकडे बघितलं, मग मित्रांच्या टेबलाकडे. मला वाटलं, आता "चल घरी" ऐकायला मिळणार. ते क्षणभर तसेच उभे राहिले. मग मित्रांच्या टेबलाची एक खुर्ची सरकवली आणि मला म्हणाले, "तिकडे एकटी काय बसलीस?"

काका लोक आधी गप्प झाले. मग एक म्हणाले, "इंजिनिअर ना तू? मग सांग, वाढवणचं काय?" माझा प्रश्न आठवीपासून पडून होता. तेवढ्यात २०२४ मध्ये बंदराला केंद्राची मंजुरी मिळाली, ऑगस्टमध्ये पायाभरणीही झाली. तरी विचारला. होड्या कुठे जाणार? दोन काका एकदम बोलायला लागले, नोकऱ्या येतील म्हणून एक, मासळी जाईल म्हणून दुसरे. मी पण मध्येच आवाज चढवला. वीस मिनिटं कधीच संपून गेली होती.

मम्मीचा फोन आला. पप्पांनी तो माझ्याकडे सरकवला.

"घरात चहापत्ती संपलीय का?"

मी म्हटलं, "मम्मी, तू पण ये ना."

पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ती म्हणाली, "गॅसवर भात आहे."