लक्ष्मीविलासच्या दरबार दालनात

वडोदऱ्यास जाऊन लक्ष्मीविलास न पाहता परतलो असतो, तर बेळगावात आमची खैर नव्हती. म्हणून लग्नकार्य आटोपताच दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उभयता तेथे गेलो. हा राजवाडा बकिंगहॅमच्या चौपट आहे, हे वाटेत दोघातिघांनी ऐकवले. मोजण्याच्या फंदात आम्ही पडलो नाही.

आराखडा मेजर मँट यांचा. त्यांच्या मृत्यूनंतर चिझम यांनी काम पुढे नेले आणि १८९० मध्ये वास्तू पूर्ण झाली. दरबार दालनातील व्हेनिसच्या कारागिरीची जमीन, खिडक्यांच्या रंगीत काचा, रविवर्म्यांची चित्रे, सारे डोळे दिपविणारे. आमचे मन मात्र धन्याभोवतीच घुटमळत होते. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा हा शेतकऱ्याचा मुलगा १८७५ मध्ये दत्तक आला, तेव्हा त्याला अक्षरओळखही नव्हती. पुढे याच सयाजीरावांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. स्वतःच्या घरची भाषा मराठी. पण प्रजा गुजराती, म्हणून कचेऱ्यांचा व न्यायालयांचा कारभार गुजरातीत. १९३१ मध्ये तर कारभारातील इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी व बंगाली प्रतिशब्द देणारा 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' त्यांच्या राज्याने सिद्ध केला. म्हणून मराठीची आबाळ झाली असेही नाही. १९०९, १९२१ आणि १९३४ ची साहित्य संमेलने बडोद्यातच भरली.

एवढे सगळे आम्ही सौभाग्यवतींना सांगत होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "अहो, मामंजींच्या जमिनीच्या उताऱ्याचं काय झालं?"

दालनाची शोभा तेथेच ओसरली. आमचा मराठी अर्ज एका कचेरीने न वाचताच परत केला होता. कन्नडशी आमचे वैर नाही. शेजारच्या घरी आम्ही मोडकीतोडकी का होईना, कन्नडच बोलतो. पण वडिलोपार्जित जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचवून घेताना मान खाली जाते.

परतल्यावर पाहतो तो कन्नडमधून केलेल्या दुसऱ्या अर्जाचे उत्तर येऊन पडलेले. नातू कन्नड शाळेत जातो; त्याला समोर बसवून उतारा वाचायला लावला. सर्व्हे नंबर बरोबर होता, क्षेत्र बरोबर होते. वडिलांचे नाव त्याने दोनदा वाचले आणि आमच्याकडे पाहून विचारले, "आजोबा, हे कोण?"