सीताफळाचे डोळे

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना गावी न्यायचं ठरलं, तेव्हा मनात बरंच होतं. सौताड्याचा धबधबा, नायगावचं मयूर अभयारण्य, धारूरचा किल्ला. पण एवढ्या लहान वयात दिवसभर गाडीत बसून त्यांच्या हाती काय लागणार? शेवटी किल्ला तेवढा ठेवला.

तोही अर्धाच पाहून झाला. बालाघाटाच्या उतारावर सीताफळांची झाडं दिसली आणि मुलं तिथेच रमली. भावकीतल्या पोरांनी त्यांना शिकवलं: खवल्यांमधल्या फटी रुंदावून पांढुरक्या झाल्या, की फळाचे डोळे उघडले. मिटलेलं फळ तोडायचं नाही. धाकटी कितीतरी वेळ एकाच फळाजवळ थांबून होती, हातही न लावता. इथल्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे तिला सांगावंसं वाटलं, पण राहू दिलं. तिचं ते थांबणं बघताना मला जे वाटलं, ते समाधान होतं की हुरहुर, अजून उमगलेलं नाही.

शिकवणाऱ्या पोरांपैकी काही जण थोड्याच दिवसांत आईवडिलांसोबत ऊसतोडीला जाणार होते. मुलांनी विचारलं, ते परत कधी येणार? साखर कारखान्यांचा हंगाम संपल्यावर, एवढंच मी म्हणाले.

या भागात गावी जाणार असाल, तर सुट्टीतले काही दिवस काहीही न ठरवता ठेवा आणि मुलांना या पोरांबरोबर हिंडू द्या. दिवाळीनंतर त्यांच्यातली बरीचशी गावात नसतात.