थांबणारी मुलं आणि आमचा फुटलेला गल्ला



गेल्या जूनपासून आमच्या माडीवर दर शनिवारी दुपारी पाच-सहा मुलं जमतात. नात अकरावीत आहे आणि तिने मानसशास्त्र घेतलंय. तिच्या दोन मैत्रिणी, गल्लीतला एक मुलगा, मागावर काम करणाऱ्या आमच्या जुन्या कामगाराचा मुलगा, शिवाय कधी कोणी नवीन. मी चहा-चिवड्याची बाजू सांभाळते आणि मध्ये मध्ये नाक खुपसते. लोक विचारतात, "काकू, तुम्ही बीकॉम, मानसशास्त्राची शिकवणी कधीपासून घ्यायला लागलात?" शिकवणी वगैरे काही नाही. आम्ही शोधनिबंध वाचतो आणि त्यावर बोलतो. ते कसं सुरू झालं आणि त्यात माझीच झडती कशी झाली, ते आज सांगते.

एक व्हिडिओ आला होता, आपल्याच एका ग्रुपवर. चार वर्षांच्या मुलासमोर मार्शमॅलो ठेवायचा आणि सांगायचं, "मी येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील." जो थांबतो तो आयुष्यात यशस्वी होतो, जो खाऊन टाकतो तो मागे पडतो. शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय म्हणे. मी तो लगेच चार जणींना पाठवला आणि नातीलाही दाखवला. वर म्हटलं, "बघ, संयम म्हणजे काय ते. तुझ्या बाबाला हे कधी जमलं नाही." मुलगा तिथेच पेपर वाचत बसला होता. काही बोलला नाही.

नात म्हणाली, "आजी, किती मुलं होती यात? कुठली?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ऐंशी साली बीकॉम झाले, ऑडिटिंगचा पेपर दिला. व्हाउचर पाहिल्याशिवाय नोंद खरी मानायची नाही हे पाठ केलेली मी, आणि व्हाउचर न बघताच चार जणींच्या खात्यात नोंद करून मोकळी झाले होते.

मग नातीच्या कॉलेजच्या मॅडमनी मूळ शोधनिबंध मिळवून दिले. इंग्रजी जड होतं, पण मला त्याची रचना ओळखीची वाटली. ताळेबंद वाचताना आपण नुसता नफ्याचा आकडा बघत नाही, खालच्या टीपाही वाचतो. इथेही तसंच. सुरुवातीचा सारांश म्हणजे नफ्याचा आकडा. खरी गोष्ट पद्धत सांगणाऱ्या भागात आणि तक्त्यांत असते. म्हणून आमचा नियम ठरला: सारांश वाचायचा, मग पद्धत, मग तक्ते, आणि लेखकांचा निष्कर्ष सगळ्यात शेवटी. तो वाचण्याआधी प्रत्येकाने आपला निष्कर्ष वहीत लिहायचा.

कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर पाच प्रश्न लिहून भिंतीला लावले. मुलं कोण होती? किती होती? त्यांच्याबरोबर नेमकं काय केलं? काय मोजलं? आणि याचं दुसरं कारण काय असू शकेल?

पहिल्याच शनिवारी हसू झालं. मार्शमॅलोत बहुतेक वेळा जिलेटिन असतं, म्हणजे प्राण्यांची हाडं-कातडी. एक मैत्रीण म्हणाली, "आजी, तुमच्या घरातली सगळी मुलं या परीक्षेत पहिल्या नंबराने पास होणार!" गंमतच, पण तिच्यातूनच पहिला धडा मिळाला. न खाण्याचं कारण संयमच असेल असं नाही. काय मोजलं आणि त्याला नाव काय दिलं, या दोन गोष्टी वेगळ्या.

मूळ प्रयोग वॉल्टर मिशेल यांचे, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बिंग बालवाडीत, 1960 च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेले. मुलं बरीचशी विद्यापीठाशी संबंधित घरांतली. आम्हाला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. कोण यशस्वी होईल हे शोधण्यासाठी ते प्रयोग नव्हतेच. मुलांना थांबायला कशाने मदत होते, हे पाहायचं होतं. खाऊ झाकून ठेवला किंवा मनात दुसरा मजेचा विचार आणला की मुलं जास्त वेळ थांबत. व्हिडिओत यातलं अक्षरही नव्हतं.

यशाची गोष्ट नंतर आली. 1990 मध्ये मिशेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या झालेल्या त्या मुलांची माहिती छापली. बालवाडीत साडेसहाशेच्या वर मुलांवर प्रयोग झाले होते. ज्या आकड्याचा एवढा गवगवा झाला, म्हणजे थांबण्याचा वेळ आणि पुढे कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेतले गुण यांचा संबंध, तो फक्त 35 मुलांचा होता. गणितातल्या गुणांशी सहसंबंध 0.57. कार्ल पिअर्सनचा सहसंबंध गुणांक मी बीकॉमला रात्र-रात्र जागून सोडवलेला! पंचेचाळीस वर्षांनी तो माझ्या माडीवर पाहुणा आला. मुलांना सांगितलं, पावसाळ्यात छत्र्या वाढतात आणि बेडूकही वाढतात, म्हणून छत्रीतून बेडूक पडतात असं नाही. दोन्हींच्या मागे पाऊस आहे. इथला पाऊस कोणता?

त्याचं उत्तर 2018 च्या निबंधात सापडलं. टायलर वॉट्स आणि दोन सहकाऱ्यांनी 918 मुलांची माहिती घेतली. आई फार न शिकलेली अशी मुलंही त्यात भरपूर होती. थांबण्याचा पंधराव्या वर्षीच्या अभ्यासाशी संबंध निघाला, पण पहिल्यापेक्षा साधारण निम्माच. आणि घरची परिस्थिती, लहानपणची बौद्धिक तयारी, घरातलं वातावरण हे सगळं हिशोबात धरल्यावर त्यातलाही दोन-तृतीयांश गेला. म्हणजे पाऊस बराचसा घरातच होता.

मुलं खूष झाली. "म्हणजे जुना प्रयोग खोटा!" मी थांबवलं. खोटा नव्हे. त्याने जे मोजलं ते मोजलं, लोकांनी त्यावर नको तेवढा मोठा इमला बांधला. आपण लहानपणापासून अनेकांतवाद ऐकतो. मला वाटतं, त्याची खरी सवय इथे लागते. "या मुलांपुरतं, या पद्धतीने पाहिलं तर" असं म्हणून मग बोलायचं. त्यातूनच चर्चेचा एक नियम झाला: समोरच्याचं म्हणणं आधी आपल्या शब्दांत सांगायचं, तो "हो, हेच" म्हणाला की मगच खोडायचं. पहिले दोन आठवडे भांडणं झाली. आता निम्मे वाद त्या पहिल्या पायरीवरच मिटतात.

तिसरा निबंध 2013 चा, सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांचा. मुलं फक्त 28, तीन ते पाच वर्षांची, दोन गटांत वाटलेली. मार्शमॅलो आणण्याआधी त्यांना चित्र काढायला जुने खडू दिले आणि सांगितलं, "थांब, छान नवीन आणते." एका गटात बाईंनी खरंच आणले. दुसऱ्या गटात रिकाम्या हाताने येऊन म्हणाल्या, "माफ कर, नाहीयेत." मग स्टिकरच्या बाबतीत पुन्हा तसंच. त्यानंतर मार्शमॅलो. शब्द पाळला गेला त्या गटातली मुलं सरासरी 12 मिनिटं थांबली. शब्द मोडला गेला त्या गटातली 3 मिनिटं. पहिल्या गटात 14 पैकी 9 जण पूर्ण पंधरा मिनिटं थांबले, दुसऱ्यात एकच.

आमच्या कामगाराचा मुलगा एरवी फारसा बोलत नाही. त्या दिवशी म्हणाला, "आजी, यात काय विशेष? आमच्याकडे दुसरा कधी येतच नाही. पहिला खाल्ला तोच आपला." माडीवर एकदम शांतता पसरली. मी चहाचे कप गोळा करायच्या निमित्ताने खाली आले.

मैत्रिणींनो, मला आमचा गल्ला आठवला होता.

मुलगा तेव्हा आठ वर्षांचा. आमचे थोडे माग होते, सुताचे भाव चढले, व्यापाऱ्याकडे पैसे अडकले. कामगारांचा पगार द्यायचा होता. मुलाचा मातीचा गल्ला होता, पाहुण्यांनी हातावर ठेवलेला रुपया-रुपया त्यात टाकलेला. ह्यांनी तो फोडला आणि मी समजूत घातली, "दिवाळीला परत भरून देऊ." दिवाळी आली, गेली. पहिल्या पाचात आलास तर सायकल घेऊ म्हटलं, तो तिसरा आला, सायकल आली नाही. पुढच्या वर्षीही तेच. त्यानंतर त्याच्या हातात पैसा पडला की तो संध्याकाळपर्यंत उडवायचा. मी मात्र सगळ्यांना सांगत राहिले, "याच्या हातात काही टिकत नाही, धीरच नाही." माहेरी सांगितलं, सून पाहायला गेलो तेव्हा हसत-हसत सांगितलं, आणि आता त्याच्या मुलीसमोर सांगितलं. शास्त्रज्ञांचा शिक्का मारून.

पुढच्या शनिवारी मी हे मुलांना सांगितलं. वाटलं, सगळी हळहळतील. नात भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवून म्हणाली, "आजी, एकाच मुलावरून निष्कर्ष काढता येत नाही. बाबा कदाचित तसाही खर्चिक झाला असता." तिची मैत्रीण म्हणाली, "आणि 28 मुलं म्हणजेही थोडीच. पस्तीस कमी म्हणालो, मग अठ्ठावीस कशी चालतील?" ज्या मापाने पहिला मोजला त्याच मापाने तिसराही मोजला पोरींनी. मग त्यांनीच उलट बाजूही मांडली. इथे मुलं कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठी टाकावी तसं ठरलं होतं, त्यामुळे फरकाचं कारण घर किंवा गरिबी नसून मोडलेला शब्द असण्याची शक्यता मोठी. पण ही पंधरा मिनिटांची गोष्ट. आयुष्यभराचं काही सांगता येत नाही.

खरंच आहे. माझ्या मुलाचा स्वभाव गल्ल्यामुळे झाला की नाही, हे मला कधीच कळणार नाही. पण गल्ला आम्ही फोडला आणि परत भरला नाही, एवढ्याला कोणत्याही संशोधनाची गरज नाही. ती नोंद कीर्दीत आहेच.

त्या दिवशी दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली. सून भांडी आवरत होती. मी मुलाला म्हटलं, "तुझा गल्ला आम्ही फोडला होता, आठवतं?"

त्याने वर न बघता सांगितलं, "एकशे बेचाळीस रुपये."

पस्तीस वर्षं झाली, आकडा तोंडपाठ. दरवर्षी क्षमावाणीला मी त्याला हात जोडते, तो पाया पडतो. त्यात हे कधी आलंच नव्हतं. मी म्हटलं, "चूक आमची होती, आणि नाव तुला ठेवलं मी." तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आई, व्याजाचं तूच बघ, तू बीकॉम." उठून हात धुवायला गेला. डोळे पुसले की तोंड, ते मी पाहिलं नाही.

ज्या चौघींना व्हिडिओ पाठवला होता, त्यांना फोन करून सांगितलं की पूर्ण गोष्ट अशी आहे. एक जण म्हणाली, "जाऊ दे गं, एवढं कोण बघतं." मुलं बघतात. तुमच्या घरी अकरावी-बारावीतलं कोणी असेल तर एखादा निबंध घेऊन बसा. आपल्याला विषय येत नाही म्हणून मागे राहू नका. पाच प्रश्न पुरतात, आणि ते विचारायला डाळ-तांदळाचा हिशोब ठेवणाऱ्या बाईइतकं तयार कोणी नसतं. एकच सांगते, ते प्रश्न तुमच्यावरही उलटतील, त्याची तयारी ठेवा.

कामगाराच्या मुलाला मी त्या दिवशी म्हटलं होतं, पुढच्या शनिवारी तुझ्यासाठी शब्दकोश आणून ठेवते. शुक्रवारी दुपारी पाऊस धो-धो होता. ह्यांना म्हटलं, छत्री द्या. दुकान बंद व्हायच्या आत जाऊन आले.